बाजार पडतो तेव्हा निवृत्तीच्या पैशाचे काय होते? साठीला तीन वर्षे उरलेल्या एका गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी चाकणच्या एका खासगी कारखान्यात देखभाल विभागात आहे. वय ५७ पूर्ण. मार्च २०२८ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होईन. पीएफमध्ये ४६ लाख रुपये आहेत. एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) टियर वन या मुख्य निवृत्ती खात्यात सप्टेंबर २०२४ अखेर ३१ लाख २० हजार दिसत होते, आज २८ लाख ३० हजार दिसतात. त्यात इक्विटीचा, म्हणजे शेअर्सचा, वाटा ७५ टक्के आहे आणि तो काही वर्षांपूर्वी मीच निवडला होता. म्युच्युअल फंडातल्या २४ लाखांचे २० लाख झाले. घरखर्च महिन्याला ५५ हजार, कर्ज नाही, मुलीचे लग्न झाले आहे. एनपीएस आणि म्युच्युअल फंड दोन्ही ठिकाणचे सगळे पैसे सरकारी रोख्यांकडे वळवावेत का? रात्री झोप लागत नाही."

आधी उत्तर सांगते आणि मग त्याची कारणे. सगळे पैसे आत्ता हलवू नका. एनपीएसमधला थोडा भाग लगेच हलवा, उरलेला ठरलेल्या तारखांना टप्प्याटप्प्याने हलवा आणि म्युच्युअल फंडांना हात लावू नका. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी : वयाच्या ५७ व्या वर्षी एनपीएसमध्ये ७५ टक्के इक्विटी हा वाटा सप्टेंबरमध्येही, म्हणजे बाजार शिखरावर असतानाही, जास्तच होता. या घसरणीमुळे ती चूक निर्माण झाली नाही, ती आधीपासून होती आणि आता दिसू लागली. म्हणून दुरुस्ती करायची ती आपल्या वयाकडे आणि पैसे लागण्याच्या तारखेकडे पाहून करायची, निफ्टीच्या आकड्याकडे पाहून नव्हे.

निफ्टी २६ सप्टेंबर २०२४ रोजी २६,२१६ वर बंद झाला होता आणि ४ मार्च २०२५ ला २२,०८३ च्या आसपास आला. ही घसरण पावणेसोळा टक्क्यांची आहे. या पाच महिन्यांत आपल्या तीन खात्यांचे तीन वेगळे अनुभव आले आणि ते का आले हे समजल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये असे मला वाटते.

पीएफपासून सुरुवात करू, कारण आपल्या निधीचा जवळजवळ अर्धा भाग तिथे आहे आणि प्रश्नात आपण त्याचा उल्लेख अगदी जाता जाता केला आहे. पीएफच्या शिलकीला बाजारभाव नसतो. वर्षाअखेरीला व्याजदर जाहीर होतो आणि त्या दराने व्याज जमा होते. मधल्या काळात बाजार कितीही खालीवर झाला तरी पासबुकातला आकडा कमी होत नाही. २०२४-२५ साठी ८.२५ टक्के दर जाहीर झाला. याचा अर्थ पीएफचा बाजाराशी काही संबंध नाही असा मात्र नाही. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना नव्याने गुंतवायच्या रकमेतला काही भाग ईटीएफच्या (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडांच्या) मार्गाने शेअर बाजारात घालते. सुरुवातीला तो ५ टक्के होता, पुढे १० झाला आणि २०१७ पासून १५ टक्के आहे. हा संबंध एकदा उघडपणे दिसला होता. २०१९-२० साठी मार्च २०२० मध्ये ८.५ टक्के दर ठरला आणि त्याच महिन्यात बाजार कोसळला. ज्या ईटीएफच्या विक्रीतून त्या व्याजाचा काही भाग यायचा होता, ते त्या पडलेल्या भावात विकणे शक्य नव्हते. म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये असे ठरले की ८.१५ टक्के व्याज रोख्यांच्या उत्पन्नातून द्यायचे आणि उरलेले ०.३५ टक्के ईटीएफ विकल्यावर डिसेंबरपर्यंत द्यायचे. तोपर्यंत बाजार सावरला आणि सभासदांच्या खात्यात पूर्ण ८.५ टक्के जमा झाले. थोडक्यात, पीएफमध्ये घसरण येते ती व्याजदरातल्या कपातीच्या किंवा विलंबाच्या रूपाने. मुद्दल घटत नाही. २०२१-२२ मध्ये दर ८.१ टक्के झाला आणि तो चार दशकांतला नीचांक होता, पण त्या वर्षीही कोणाची शिलक कमी झाली नाही.

ज्यांचा पीएफ कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टमध्ये असतो, त्यांच्या बाबतीत ट्रस्टचे उत्पन्न कमी पडले तर फरक मालकाला भरून द्यावा लागतो. आपले पासबुक संघटनेच्या संकेतस्थळावर दिसते, म्हणजे आपल्याला हा मुद्दा लागू नाही.

एनपीएसची रचना मुळातच वेगळी आहे. तिथे आपली प्रत्येक वर्गणी त्या दिवसाच्या एनएव्हीने (एका युनिटच्या किमतीने) युनिट विकत घेते आणि रोजच्या रोज त्या युनिटांची किंमत बाजारभावाने मोजली जाते. आपले स्टेटमेंट २ लाख ९० हजारांची घट दाखवते आहे, पण प्रत्यक्षात इक्विटीच्या भागातली घट त्याहून मोठी असणार. ३१ लाख २० हजारांतले ७५ टक्के म्हणजे सुमारे २३ लाख ४० हजार इक्विटीत होते आणि निफ्टीइतकीच घसरण धरली तर त्यातले सुमारे ३ लाख ७० हजार गेले. मधल्या काळात भरलेल्या वर्गण्या आणि रोख्यांवरची थोडी वाढ यांनी त्यातला काही भाग झाकला. मी हे आपल्याला आणखी घाबरवण्यासाठी सांगत नाही. वर्गण्या चालू असलेल्या खात्याच्या एकूण आकड्याकडे पाहून जोखमीचा अंदाज येत नाही, हे ध्यानात यावे म्हणून सांगते. आपल्याच वयाच्या, तेवढीच शिल्लक असलेल्या, पण ऑटो चॉइसमधला (वयानुसार वाटा आपोआप बदलणाऱ्या पद्धतीतला) एलसी ७५ हा पर्याय घेतलेल्या माणसाचा इक्विटी वाटा पस्तिशीनंतर दरवर्षी आपोआप उतरत उतरत पंचावन्नाव्या वर्षी १५ टक्क्यांवर येतो. त्याच्या खात्यातली हीच घट पाऊण लाखाच्या आत राहिली असती. आपण ॲक्टिव्ह चॉइस (वाटा स्वतः ठरवण्याची पद्धत) घेतला, म्हणजे हा उतार स्वतःच्या हाताने आखण्याची जबाबदारी घेतली. बहुतेक जण वाटा निवडण्याच्या दिवशी सक्रिय असतात आणि पुढची दहा वर्षे त्या पानाकडे फिरकत नाहीत. आपल्या बाबतीत नेमके हेच झाले आहे.

युनिटांचा हिशेब एकदा नीट समजला की घसरणीची भीती अर्धी कमी होते. समजा, एखादी तिशीतली मुलगी दरमहा १० हजार रुपये इक्विटी योजनेत भरते. पाच महिन्यांत एनएव्ही अनुक्रमे ४०, ३०, २५, ३२ आणि पुन्हा ४० असा फिरला. तिला अनुक्रमे २५०, ३३३, ४००, ३१२ आणि २५० युनिट मिळतील, एकूण सुमारे १,५४५. तिने भरले ५० हजार आणि पाचव्या महिन्याअखेरीस किंमत झाली ६१,८०० च्या आसपास. एनएव्ही जिथून निघाला तिथेच परत आला, तरी तिला नफा झाला, कारण मधल्या पडलेल्या महिन्यांत तिने स्वस्तात जास्त युनिट घेतले. जिच्या हाती अजून पंचवीस-तीस वर्षांच्या वर्गण्या आहेत, तिच्यासाठी घसरण म्हणजे खरेदीचा काळ असतो.

पण आपण तिशीत नाही. आपल्या वर्गण्यांची फक्त तीन वर्षे उरली आहेत आणि साचलेली रक्कम पुढच्या वर्गण्यांच्या मानाने फार मोठी आहे. इथे स्वस्तातल्या खरेदीचा फायदा नगण्य ठरतो आणि दुसरीच एक गोष्ट निर्णायक होते : पैसे काढायला सुरुवात केल्यावर चांगली आणि वाईट वर्षे कोणत्या क्रमाने येतात.

हा क्रम किती महत्त्वाचा आहे, ते आकड्यांत दाखवते. दोन जण प्रत्येकी १ कोटी रुपये घेऊन निवृत्त झाले. दोघेही दरवर्षी सुरुवातीला ८ लाख काढतात. पहिल्याच्या वाट्याला ३० टक्के घट, मग १० टक्के वाढ, मग ३५ टक्के वाढ अशी वर्षे आली. दुसऱ्याला तीच वर्षे उलट्या क्रमाने मिळाली. कोणीच पैसे काढले नसते तर तीन वर्षांनंतर दोघांकडेही अगदी सारखेच, सुमारे १ कोटी ४ लाख राहिले असते. काढल्यावर मात्र पहिल्याकडे सुमारे ७३ लाख उरतात आणि दुसऱ्याकडे सुमारे ८४ लाख. सरासरी परतावा तोच, खर्चही तोच, तरी ११ लाखांचा फरक पडला. त्याचे एकच कारण : पहिल्याने पडलेल्या भावात युनिट विकून घरखर्च भागवला आणि विकलेले युनिट बाजार सावरला तेव्हा सावरायला शिल्लकच नव्हते. म्हणून निवृत्तीच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षे मी सगळ्यात नाजूक मानते. चाळिशीतली ४० टक्क्यांची घसरण बहुतेकदा काही वर्षांनी आठवतही नाही. साठीतली तेवढीच घसरण, नियोजन नसेल तर, ऐंशीव्या वर्षापर्यंत पाठ सोडत नाही.

मी सव्वीस वर्षे हे गुंतवणुकीच्या सल्ल्याचे काम करते आहे आणि या बाबतीतली माझी एक जुनी खंत इथे सांगणे योग्य ठरेल. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता. माझे एक अशील ३१ मार्च २००९ ला निवृत्त होणार होते आणि त्यांच्या फंडातली जवळजवळ सगळी रक्कम इक्विटीत होती. त्यातूनच त्यांना निवृत्तीच्या दिवशी गृहकर्जाची राहिलेली बाकी फेडायची होती. कर्जाएवढी रक्कम आधीच बाजूला काढा, असे मी त्यांना एकदा सुचवले होते, पण आग्रह धरला नाही. बाजार वर जात होता आणि मलाही त्या वाऱ्याची सवय झाली होती. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर होता आणि ते निवृत्त झाले त्या दिवशी ९,७०० च्या आसपास. कर्जाची तारीख थांबणारी नव्हती. त्यांनी त्या भावात विकले. सप्टेंबर २०१० मध्ये सेन्सेक्सने पुन्हा २० हजारांची पातळी ओलांडली, म्हणजे अठराच महिन्यांचा प्रश्न होता, पण ते अठरा महिने त्यांच्याकडे नव्हते. त्या दिवसापासून मी कोणत्याही अशिलाला पहिला प्रश्न "पैसे कधी लागणार" असा विचारते. "किती मिळतील" हा त्यानंतरचा.

दुसरा अनुभव उलट बाजूचा आहे. मार्च २०२० मध्ये माझ्याकडे येणारे एक अभियंता पन्नाशीच्या सुरुवातीला होते, म्हणजे निवृत्तीला भरपूर अवकाश होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या रतिबाच्या खुणा आणि गॅस सिलिंडरची तारीख असे, आणि त्या मार्चमध्ये प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने त्या दिवसाचा एनएव्हीही लिहिलेला होता. पुढे त्यांनी ते पान मला आणून दाखवले. सुरुवातीचे आकडे टापटीप आहेत, महिन्याच्या मध्यापासून अक्षर मोठे आणि वेडेवाकडे होत जाते आणि २३ तारखेच्या चौकोनात पेन्सिलीचे टोक कागदातून आरपार गेले आहे. त्या दिवशी सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एनपीएसमधला इक्विटीचा सगळा भाग सरकारी रोख्यांकडे वळवण्याची सूचना दिली. जानेवारीत त्या भागाची किंमत १२ लाख होती, ती साडेसात लाखांच्या आसपास असताना बदल झाला. नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स जानेवारीच्या पातळीच्या वर गेला, तेव्हा त्यांच्याकडे त्या भागाचे ८ लाख होते. "थोडा खाली येऊ दे, मग परत जातो," असे ते पूर्ण वर्षभर म्हणत राहिले. बाहेर पडण्याचा निर्णय एकच असतो, पण परत आत येण्याचा निर्णय रोज घ्यावा लागतो आणि तो जास्त अवघड असतो. आपण आज सगळे पैसे हलवलेत, तर हाच दुसरा निर्णय आपल्यापुढे उभा राहील.

घसरणीत व्याजदरांचे काय होते, हा भाग लोक सहसा पाहत नाहीत. मोठ्या घसरणीच्या काळात रिझर्व्ह बँक बऱ्याचदा दर कमी करते. २०२० मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ५.१५ टक्क्यांवरून आधी ४.४० आणि मे महिन्यात ४ टक्क्यांवर आला. दर उतरले की आधी घेतलेल्या रोख्यांची किंमत वाढते, म्हणून एनपीएसच्या सरकारी रोख्यांच्या भागाला त्या काळात चांगला परतावा मिळाला आणि इक्विटीतली थोडी खोट भरून निघाली. पण नव्याने पैसे ठेवणाऱ्याला हेच दर मारक ठरले. १ एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.९ वरून ७.१ टक्के आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.६ वरून ७.४ टक्के झाला. ॲन्युइटीचे, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन जन्मभर मिळणाऱ्या पेन्शनचे, दरही दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या उत्पन्नामागोमाग चालतात आणि ॲन्युइटी एकदा घेतली की तो दर जन्मभरासाठी पक्का होतो. म्हणजे त्या वर्षी निवृत्त होऊन लगेच ॲन्युइटी घेणाऱ्याला दुहेरी फटका बसला : रक्कम आटलेली आणि दरही उतरलेला. २०२२ मध्ये उलटे घडले. मे महिन्यापासून रेपो दर ४ वरून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला, आणि "सरकारी रोखे म्हणजे घट होणे शक्यच नाही" असे समजून चाललेल्यांच्या खात्यात रोख्यांचा एनएव्हीही काही महिने खाली आला. सरकारी रोख्यात पैसे बुडत नाहीत हे खरे, पण एनपीएसमध्ये त्यांची किंमत रोज मोजली जाते, त्यामुळे तिथेही आकडा हलतो. कंपन्यांच्या रोख्यांत तर बुडण्याचीही जोखीम असते; २०१८ मध्ये आयएलअँडएफएस या वित्तसंस्थेच्या समूहाने हप्ते चुकवले, तेव्हा त्याची झळ पेन्शन फंडांनाही लागली होती.

इथे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा मुद्दा ओघाने येतो, कारण आपल्या घराघरांत ही तुलना होत असते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. ते परिभाषित अंशदान योजनेत (जिथे वर्गणी ठरलेली असते, पेन्शन नाही) आणि पुढे एनपीएसमध्ये आले. मार्च २०२३ चा संप याच प्रश्नावर झाला. त्या मागणीमागे बाजाराविषयीचे अज्ञान होते असे मला वाटत नाही. जुन्या पेन्शनमध्ये घसरणीचा भार सरकार उचलते आणि नव्या व्यवस्थेत तो कर्मचाऱ्याच्या खात्यावर येतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत शेअर्सचा वाटा मर्यादित ठेवल्यामुळे हा भार सौम्य राहतो, पण संपत नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी लागू झालेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन ठरवून दिले आहे, म्हणजे भार पुन्हा सरकारकडे गेला. खासगी नोकरीतल्या आपल्यासारख्याला असा आधार फक्त ईपीएसच्या (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या) छोट्या पेन्शनचा आहे. ती रक्कम बाजारावर अवलंबून नाही, पण घर चालवण्यापुरतीही नाही. म्हणून आपला भार आपणच वाटून ठेवायचा आहे.

"बाजार सावरतोच" या वाक्यावर किती विसंबावे, असाही प्रश्न आपल्या मनात असणार. आपल्याकडे २००८ ची घसरण भरून यायला साधारण पावणेतीन वर्षे लागली आणि २०२० ची दहा महिन्यांत भरून आली. पण हा काही निसर्गनियम नाही. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता आणि ती पातळी त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. चौतीस वर्षे लागली. शिखरावर निवृत्त झालेल्या जपानी माणसाला "थांबा, सावरेल" हा सल्ला उपयोगाचा नव्हता. भारतात तसे होईल असे मी म्हणत नाही, पण ज्या पैशांवर पुढच्या सात-आठ वर्षांचे जेवणखाण आणि औषधपाणी चालायचे आहे, ते पैसे या शक्यतेवर सोडता येत नाहीत. उलट, अडुसष्टाव्या वर्षानंतर लागणारे पैसे आज रोख्यांत कोंडून ठेवले तर महागाई ते कुरतडेल. आपण आणि आपली पत्नी पंचाऐंशीपर्यंत जगलात तर आजच्या ५५ हजारांच्या खर्चाचा आकडा किती पटींनी वाढलेला असेल, याचा विचार करा.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. आपल्या एकूण ९४ लाखांपैकी सुमारे ४० लाख इक्विटीत आहेत : २० म्युच्युअल फंडात आणि तितकेच एनपीएसमध्ये. एनपीएसमध्ये इक्विटीचा वाटा या महिन्यात ७५ वरून ६० टक्के करा. घसरणीमुळे तो आपोआप ७१ टक्क्यांच्या आसपास आलेला आहे, म्हणजे प्रत्यक्षात तीन लाखांच्या आसपासच रक्कम हलेल. पडलेल्या भावात विकल्याचा सल त्यामुळे मोठा राहणार नाही. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, सप्टेंबर आणि मार्चमध्ये, तो १० टक्क्यांनी खाली आणा आणि मार्च २०२७ मध्ये २५ टक्क्यांवर थांबवा. त्या त्या वेळी बाजार वर असो की खाली, तारीख चुकवू नका. एका आर्थिक वर्षात चार वेळा हा वाटा बदलता येतो, त्यामुळे नियमाची अडचण नाही, आणि एनपीएसच्या आत केलेल्या बदलावर करही लागत नाही. हा बदल आधीच्या शिलकीला आणि पुढच्या वर्गणीला दोन्हींना लागू होतो, आणि त्याला काही कामकाजाचे दिवस लागतात. म्हणून "आज भाव चांगला आहे, आजच करतो" अशा हिशेबाला इथे काही अर्थ नाही.

वाटा २५ टक्क्यांपर्यंत का उतरवायचा? साठाव्या वर्षी एनपीएसमधल्या काही रकमेची (मार्च २०२५ च्या नियमानुसार ती किमान ४० टक्के होती) ॲन्युइटी घ्यावी लागते आणि ती ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीच्या किमतीवर ठरते. ठरावीक दिवशी रूपांतर होणारा पैसा त्या दिवशी इक्विटीत नसावा. दिवस वाईट निघाला तर घाईही करू नका. ॲन्युइटीची खरेदी आणि एकरकमी रक्कम या दोन्ही गोष्टी साठीनंतर बरीच वर्षे पुढे ढकलता येतात आणि एकरकमी भाग ठरावीक हप्त्यांनी काढण्याचीही सोय २०२३ पासून आहे. २००९ मध्ये माझ्या त्या अशिलाला जे अठरा महिने मिळाले नाहीत, ते आपल्याला या सोयींमुळे मिळू शकतात.

म्युच्युअल फंडातले २० लाख तसेच राहू द्या. ते आपले सर्वांत शेवटी लागणारे पैसे आहेत. शिवाय तिथे विकले की ती विक्रीच धरली जाते आणि वर्षभरापेक्षा जुन्या इक्विटी युनिटांवरच्या नफ्यातल्या सव्वा लाखाच्या वरच्या भागावर १२.५ टक्के कर लागतो. एसआयपी चालू असेल तर चालू ठेवा.

अशा दिवसांत "बाजाराची कटकट नको, हमीचा परतावा घ्या" म्हणत दहा-पंधरा वर्षांच्या विमा पॉलिसी घेऊन ओळखीचीच माणसे दारात येतात. त्या पॉलिसींचा मुदतीअंती मिळणारा दर वर्षाच्या हिशेबाने काढला तर तो अनेकदा आपल्या पीएफपेक्षा बराच कमी निघतो आणि मध्येच पैसे लागले तर मुद्दलही पूर्ण हाती येत नाही. सही करण्याआधी तेवढा हिशेब कागदावर मांडायला सांगा. मांडून दिला नाही, तर सही करू नका.

झोपेबद्दल लिहिले आहे, म्हणून आपल्या घराचा हिशेब एकदा शेवटपर्यंत मांडते. तो पत्नीलाही दाखवा. आजचे ५५ हजार तीन वर्षांनी, सहा टक्के महागाई धरून, ६५ हजारांच्या आसपास होतील, म्हणजे वर्षाला ७ लाख ८० हजार. पीएफमधले ४६ लाख, दरमहा दोन्ही बाजूंची मिळून २० हजारांची वर्गणी आणि ८ टक्क्यांच्या आसपासचा दर धरला, तर मार्च २०२८ मध्ये सुमारे ६५ लाख होतात. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, तर आजच्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० येतात. त्या वेळचा दर वेगळा असेल, तेवढा फरक धरा. उरलेले ३५ लाख लगेच काढण्याची गरज नाही, कारण निवृत्तीनंतरही पीएफच्या खात्यावर तीन वर्षे व्याज मिळत राहते, फक्त ते व्याज करपात्र असते. महिन्याला कमी पडणारे ४४,५०० रुपये या ३५ लाखांतून घेतले, त्यावरचे व्याज आणि ईपीएसची पेन्शन हिशेबात धरलीच नाही, तरी साडेसहा वर्षे निघतात. तोपर्यंत एनपीएस आणि म्युच्युअल फंडातला एक रुपयाही घरखर्चासाठी विकावा लागत नाही. बाजाराला सावरायला ही साडेसहा वर्षे आणि त्याआधीची तीन वर्षे, अशी मिळून साडेनऊ वर्षे मिळतात. तेव्हा एनपीएसच्या बदलाचा पहिला अर्ज या आठवड्यात भरा आणि पुढचा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये.